मुख्याध्यापक निवडताना पालकांना विचारा, पण वेळेवर

महाराष्ट्रातल्या खाजगी शाळेला फी वाढवायची असेल तर पालकांना विचारावं लागतं. शुल्क विनियमन अधिनियम, २०११ तसं सांगतो. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा, इच्छुकांमधून सोडत काढून त्याची कार्यकारी समिती नेमायची, तीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक घ्यायचा आणि पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा. या समितीच्या अध्यक्षपदी असतात शाळेचे मुख्याध्यापक. म्हणजे ज्या टेबलाशी बसून पालक संस्थेशी रुपया-रुपयाची घासाघीस करतात, त्या टेबलाच्या मुख्य खुर्चीवर कोण बसणार याबद्दल मात्र त्यांना कुणी एका शब्दानं विचारत नाही. मे महिन्यात शाळेच्या ॲपवर परिपत्रक येतं. त्यात नव्या मॅडमचा फोटो, पदव्यांची रांग आणि 'शाळेच्या परिवारात स्वागत' एवढं असतं, आणि विषय संपतो.

हे बदलायला हवं. पण पालकांच्या ग्रुपवर त्यावर जो उपाय सुचवला जातो, म्हणजे 'निवड समितीत आमचा माणूस घ्या आणि मतदान करा', तोही बरोबर नाही. पालकांचं म्हणणं निवडीच्या सुरुवातीला आणि अगदी शेवटच्या टप्प्याआधी, अशा दोनच ठिकाणी ऐकावं. तिथे मात्र ते पुरेपूर आणि लेखी ऐकावं. अंतिम निर्णय संस्थेचाच राहावा, आणि तो कसा झाला याचं उत्तर संस्थेनं द्यावं.

आधी कायद्याची बाजू पाहू, कारण बरेच पालक इथेच फसतात. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांना शाळांच्या कार्यालयात 'एमईपीएस' म्हणतात. त्या नियमावलीचा तिसरा नियम सांगतो की मुख्याध्यापकाची जागा संस्थेतल्या पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकानं भरावी. सेवाज्येष्ठता यादीत वर असलेल्याला डावललं तर तो शिक्षक तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो, आणि अशी अपिलं होतातही. अनुदानित शाळेत या नियमाची अंमलबजावणी कडक असते, कारण पगार शासन देतं आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. पण कायद्याचा मजकूर अनुदानित आणि विनाअनुदानित असा भेद करत नाही. केंद्रीय मंडळांच्या शाळांना तो कितपत लागू होतो यावर न्यायालयात वाद झाले आहेत. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक नेमण्यापुरती या कायद्यातून सूट आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानंही १९९८ साली केरळमधल्या एम्जे हायस्कूलच्या खटल्यात अशा संस्थांचा मुख्याध्यापक निवडण्याचा हक्क मान्य केला. काही कॉन्व्हेंट शाळांत तर जाहिरातही निघत नाही. धर्मसंघ एका सिस्टरची बदली करतो आणि दुसऱ्या येतात.

म्हणून पालकांनी पहिलं पत्र लिहावं ते एवढंच विचारायला: आपल्या शाळेत ही जागा कोणत्या नियमानं भरली जाणार आहे? बढतीनं, जाहिरातीनं की बदलीनं? उत्तर 'बढतीनं' असेल तर निवडीच्या वेळी पालकांनी उठवलेला आवाज जवळपास निरुपयोगी ठरतो. तिथे त्यांचं म्हणणं पोहोचायला हवं ते पाच-सात वर्षं आधी. नियमात 'समाधानकारक सेवा' हे शब्द आहेत, आणि ती ठरते गोपनीय अहवाल आणि दप्तरातल्या कागदांवरून. फाटकाशी होणारी कुजबुज दप्तरात जात नाही. एखाद्या शिक्षकाबद्दल खरी तक्रार असेल किंवा खरं कौतुक असेल, तर ते त्या त्या वर्षी नावानिशी, तारखेसह लिहून द्यावं आणि पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. निनावी अर्ज कुणी वाचत नाही, आणि वाचूही नये.

शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमातल्या शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, हे अनेकांना ऐकून माहीत असतं. पण ते कलम विनाअनुदानित खाजगी शाळांना लागूच नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित व अल्पसंख्याक शाळांत या समितीचं काम फक्त सल्ल्यापुरतं उरलं आहे. सीबीएसईच्या संलग्नता नियमांनुसार शाळेच्या व्यवस्थापन समितीत दोन पालक असायला हवेत. ते दोघे कोण, हे आपल्या शाळेत किती पालकांना सांगता येईल? बऱ्याचदा ती नावं फक्त मंडळाला पाठवलेल्या कागदावरच असतात.

आता जिथे खरोखर निवड होते त्या शाळांकडे वळू. म्हणजे मुख्यतः विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा, बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या. तिथे पालकांना विचारायचं कारण काय? 'पैसे देतात म्हणून' हे त्यातलं सर्वांत कमकुवत कारण. पैसे दिल्यानं गिऱ्हाईक होता येतं, आणि गिऱ्हाइकाच्या पसंतीनं मुख्याध्यापक निवडला की तो पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकं सांभाळू लागतो. खरं कारण असं की शाळेबद्दलची काही माहिती फक्त पालकांकडे असते. विश्वस्तांना निकाल, प्रवेशसंख्या आणि ताळेबंद दिसतो. पण तिसरीतलं मूल रविवारी संध्याकाळी पोट दुखतंय म्हणतं, वहीत चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण असते, बसमधल्या ताईंबद्दलची तक्रार तीन वेळा सांगूनही उत्तर येत नाही, सातवीच्या निम्म्या वर्गाला गणिताची शिकवणी लावावी लागते, हे संस्थेच्या कुठल्याही अहवालात नसतं. नव्या मुख्याध्यापकासमोर खरं काम काय वाढून ठेवलंय, ते यातूनच कळतं.

आणि काही कामं अशी आहेत की तिथे चुकीचा माणूस बसला तर नुकसान भरून येत नाही. पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. २१ वं कलम संस्थेच्या प्रमुखाला वेगळं नाव घेऊन जबाबदार धरतं. हाताखालच्या माणसाविरुद्धची तक्रार त्यानं दाबली तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. २०२४ साली बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात लोक रस्त्यावर उतरले, त्या रागाचा मोठा भाग शाळेनं हालचाल करायला लावलेल्या वेळाबद्दल होता. अशा प्रसंगी मुख्याध्यापक आधी शाळेचं नाव सांभाळणार की मूल, हे त्याच्या पदव्यांवरून कळत नाही. योग्य प्रश्न विचारला तर थोडंफार कळतं.

वेळेचं गणित उलट बाजूनं मांडावं लागतं. एमईपीएसखाली कायम असलेल्या शिक्षकाला नोकरी सोडताना तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यावी लागते. १ जूनला रुजू होणारी व्यक्ती फेब्रुवारीअखेर राजीनामा देणार. म्हणजे तिच्या हातात नेमणुकीचं पत्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पडायला हवं, शेवटच्या मुलाखती जानेवारीच्या उत्तरार्धात व्हायला हव्यात, जाहिरात डिसेंबरच्या सुरुवातीला निघायला हवी, आणि पालकांना प्रश्नावली जायला हवी ती दिवाळीची सुट्टी संपताच. एप्रिलमध्ये वर्ष सुरू करणाऱ्या शाळांनी हेच सारं दोन महिने अलीकडे ओढावं, म्हणजे प्रश्नावली गणपतीच्या आसपास. निवृत्ती होणार असेल तर तिची तारीख सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून असते, तरी असंख्य संस्थांना जाग येते मार्चमध्ये. मग 'प्रभारी' नेमतात, आणि प्रभारीच्या वर्षात शाळेत एकही अवघड निर्णय होत नाही. पालकांना विचारायला वेळ नव्हता, असं सांगणाऱ्या संस्थेकडे बहुधा नीट जाहिरात द्यायलाही वेळ नसतो.

प्रश्नावलीत 'नवे मुख्याध्यापक कसे असावेत?' असं विचारू नये. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: शिस्तप्रिय, प्रेमळ, अनुभवी, आधुनिक विचारांचे. असा माणूस अस्तित्वात नसतो, आणि असला तरी त्याला ओळखायचं कसं हे त्या उत्तरातून कळत नाही. घडलेल्या गोष्टींबद्दल विचारावं. गेल्या वर्षभरात शाळेकडे कोणती अडचण घेऊन गेलात, कुणाकडे गेलात, किती दिवसांत उत्तर मिळालं? मुलाला कोणत्या विषयांची शिकवणी लावली आहे, आणि का? शाळेतली कोणती एक गोष्ट अजिबात बदलू नये? मुलाबद्दलची कोणती गोष्ट शाळेला माहीत असायला हवी होती, पण नव्हती? अशा पाच-सहा प्रश्नांपेक्षा जास्त नकोत. प्रश्नावली मराठीतही असावी आणि कागदावरही मिळावी. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांचे अनेक पालक इंग्रजी फॉर्म अर्ध्यावर सोडून देतात, आणि मग 'त्यांचं काही म्हणणं नाही' असा अर्थ काढला जातो. मुदत दहा दिवस ठेवावी. उत्तरं पूर्वप्राथमिक, प्राथमिक आणि माध्यमिक अशी वेगळी मोजावीत, नाहीतर ज्या विभागाचा ग्रुप जास्त बोलका, त्याचाच प्रश्न साऱ्या शाळेचा प्रश्न होऊन बसतो. किती जणांनी उत्तरं दिली तेही सांगावं. हजार पालकांपैकी ऐंशी जणांनी दिली असतील तर ऐंशीच म्हणावं.

सगळी उत्तरं निदान दोघांनी वाचावीत, एक शिक्षक आणि एक पालक. त्यातून एक पानाचा मसुदा करावा: येत्या तीन वर्षांत शाळेपुढची मोठी कामं, जास्तीत जास्त पाच. पंधरा लिहिली तर ती इच्छांची यादी होते आणि मुलाखतीत तिचा काही उपयोग होत नाही. विश्वस्तांनी त्यात आपली आर्थिक आणि इमारतीची कामं घालावीत, शिक्षकांनी आपली, आणि मग हे पान सर्वांना पाठवून जाहिरातीसोबतही जोडावं. माझ्या मते पालकांच्या सहभागातला सर्वांत मोलाचा भाग इथेच संपतो. पुढचा टप्पा चुकला तरी हे पान हातात असतं, आणि विश्वस्तांनी मेहुण्याच्या ओळखीतला माणूस आणला तरी त्याला याच पानाला उत्तर द्यावं लागतं.

दुसरा टप्पा येतो शेवटचे दोन उमेदवार उरल्यावर. फार तर तीन. त्याआधी पालकांसमोर नावं आणू नयेत, कारण उमेदवार दुसरीकडे नोकरीत असतात. नाव फुटलं तर तिकडे त्यांची पंचाईत होते, आणि अशी बातमी शाळांच्या जगात लवकर पसरते. पुढच्या वेळी चांगली माणसं अर्जच करत नाहीत. पालकांवर विश्वास ठेवता येत नाही, हे संस्थाचालकांचं आवडतं वाक्य इथे नेमकं बाहेर येतं. एक मात्र कबूल करायला हवं की नावं जितकी पालकांकडून फुटतात तितकीच विश्वस्तांच्या जेवणाच्या टेबलावरूनही फुटतात. गोपनीयतेच्या कागदावर दोघांनीही सही करावी.

या टप्प्यावर आठ ते दहा पालक पुरेत. फीसाठीची कार्यकारी समिती आयती आहे म्हणून तीच बसवू नये. तिची निवड वेगळ्या कामासाठी झालेली असते, आणि तिचे अध्यक्ष म्हणजे जाणारे मुख्याध्यापकच असतात. इच्छुकांची यादी करून सर्वांसमोर सोडत काढावी, पण काही जागा आधी राखून ठेवाव्यात: पूर्वप्राथमिकचा एक पालक, राखीव पंचवीस टक्क्यांतला एक, दिव्यांग किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाचा एक, आणि निम्म्या जागा तरी माता पालकांच्या. शाळा दहावीपर्यंतच असेल तर दहावीच्या पालकांना घेऊ नये. त्यांचं मूल नवे मुख्याध्यापक येण्याआधीच शाळेबाहेर पडलेलं असेल, तरी त्यांचा आवाज नेहमी सर्वांत मोठा असतो. गणवेश, पुस्तकं किंवा बसचं कंत्राट असलेले, शाळेविरुद्ध न्यायालयात गेलेले, शाळेतच नोकरी करणारे, उमेदवाराचे नातेवाईक किंवा जुने सहकारी, या सर्वांनी बाजूला राहावं. अंतर्गत उमेदवार असेल, उदाहरणार्थ उपमुख्याध्यापिका, तर तिच्या वर्गातल्या मुलांचे पालकही नकोत. तिच्याबद्दल त्यांना खूप माहिती असते, पण ती मोकळेपणानं सांगायची मुभा त्यांना नसते.

दोन्ही उमेदवार एकाच दिवशी यावेत. प्रत्येकाला पंचेचाळीस मिनिटं, प्रश्न तेच आणि क्रमही तोच. प्रश्न प्रसंगाचे असावेत. एक चांगला प्रश्न: पाचवीच्या तीस पालकांनी सह्या करून गणिताच्या शिक्षिका बदला असं पत्र दिलं आहे, तर पहिल्या आठवड्यात तुम्ही काय काय कराल? 'मी लगेच बदलते' हे उत्तर पालकांना गोड वाटतं आणि शाळेला घातक असतं. 'पालकांनी अध्यापनात पडू नये' हे त्याचंच दुसरं टोक. चांगला उमेदवार पायऱ्या सांगतो: वर्गात मागे बसून दोन तास पाहणार, वीस-पंचवीस वह्या मागवणार, शिक्षिकेशी आधी एकटीशी बोलणार, मग पालकांना अमुक दिवशी उत्तर देणार. दुसरा प्रश्न: संध्याकाळी सहा वाजता एका आईचा फोन येतो की बसमधल्या मदतनीसानं मुलीला नको तिथे हात लावला. पुढच्या बारा तासांत काय? 'आधी आमची अंतर्गत चौकशी समिती नेमू' असं उत्तर आलं तर तिथेच थांबावं. माणूस प्रेमळ असेल, पण त्याला कायदा माहीत नाही किंवा तो पाळायचा नाही.

काय विचारू नये हेही पालकांना आधी सांगावं लागतं. लग्न झालंय का, मुलं किती, नवऱ्याची बदली होणार का, तुम्ही मूळच्या कुठल्या, हे प्रश्न सुशिक्षित सोसायट्यांतल्या पालकांच्या तोंडून सहज निघतात, आणि बहुतेक वेळा त्यांचा रोख जातीकडे किंवा बाईमाणसाच्या 'अडचणीं'कडे असतो. बैठक चालवणाऱ्यानं ते तिथल्या तिथे थांबवावेत.

मुलाखत संपताच, आपसात बोलण्याआधी, प्रत्येक पालकानं आपला कागद भरावा. त्यावर तीन रकाने असावेत: काय ऐकलं, कशानं विश्वास वाटला, आणि कोणती शंका राहिली. 'पसंती क्रमांक १ आणि २' असा रकाना ठेवू नये. तो असला की बाकीचे रकाने रिकामे राहतात, आणि दहापैकी सात मतं मिळालेला उमेदवार नाकारला तर विश्वस्तांनी विश्वासघात केला असा बोभाटा होतो. कागद बंद पाकिटात त्याच दिवशी निवड समितीकडे जावेत, आणि अंतिम चर्चेआधी ते उघडून वाचले जावेत. शंकेच्या रकान्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो: आधीच्या शाळेत फोन करून चौकशी करताना नेमकं काय विचारायचं ते त्यातून मिळतं. पाठ घेऊन दाखवणं, वेळापत्रक, शिक्षकांचं मूल्यमापन या गोष्टी पारखणं शिक्षकांच्या आणि बाहेरच्या तज्ज्ञाच्या हाती ठेवावं. अस्खलित इंग्रजी आणि सफाईदार स्लाइड यांनी पालक फार लवकर भारावतात. अशा बैठकींचा हा कायमचा रोग आहे, आणि ठरवलेले प्रश्न व लेखी कागद यांनी तो कमी होतो, पूर्ण जात नाही.

मग मतदानच का नको? शिकागोमध्ये १९८८ च्या कायद्यानं सरकारी शाळांच्या स्थानिक परिषदांना मुख्याध्यापक निवडायचा अधिकार दिला. या परिषदांत निवडून आलेले सहा पालक असतात, परिसरातले दोन प्रतिनिधी, शिक्षक असतात, आणि मुख्याध्यापकाशी करार होतो चार वर्षांचा. हे उदाहरण उत्साहानं सांगणाऱ्यांनी त्यातली दुसरी बाजूही सांगावी. तिथले पालक निवडणुकीनं येतात, त्यांना प्रशिक्षण सक्तीचं असतं, आणि शाळेचं अंदाजपत्रकही त्यांच्यापुढे येतं. आपल्या खाजगी शाळेत मुख्याध्यापकाचा पगार, शाळेवरचे खटले, कर्ज, मान्यतेचं नूतनीकरण हे सारं विश्वस्तांच्या गळ्यात असतं. सोडतीतून आलेले दहा पालक मत देऊन दोन वर्षांत मुलासह दुसऱ्या शहरात जाऊ शकतात. जो उत्तर द्यायला बांधील नाही त्याच्या हाती अंतिम मत देणं धोक्याचं आहे.

हाच न्याय संस्थेलाही लागतो. निर्णय तुमचा असेल तर उत्तरही द्या. नेमणुकीच्या परिपत्रकात पदव्यांच्या रांगेऐवजी हे असावं: किती अर्ज आले, किती जणांना बोलावलं, त्या पाच कामांपैकी कोणत्या कामांसाठी ही व्यक्ती योग्य वाटली, आणि पालकांच्या कोणत्या शंकेवर काय खातरजमा केली. नाकारलेल्यांची नावं अर्थातच नकोत. असं परिपत्रक लिहावं लागणार आहे हे आधीपासून माहीत असलेली निवड समिती मुलाखतीतही वेगळं वागते.

बाहेरून नेमलेल्या व्यक्तीला १९७७ च्या कायद्यानुसार दोन वर्षांचा परिवीक्षाकाळ (प्रोबेशन) असतो, आणि तो संपेपर्यंत संस्थेनं काही केलं नाही तर ती व्यक्ती कायम झाली असं धरलं जातं. म्हणून तीच प्रश्नावली, तेच पाच-सहा प्रश्न, दहाव्या महिन्यात पुन्हा पाठवावेत आणि आधीच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. तक्रारीला उत्तर मिळायला पूर्वी किती दिवस लागत होते आणि आता किती लागतात, एवढी एक ओळही पुष्कळ सांगून जाते. दहाव्या महिन्यातले आकडे मुख्याध्यापकांना दाखवावेत, त्यांचं म्हणणं लिहून घ्यावं, आणि सुधारायला पुढचे दहा महिने द्यावेत. दुसरी फेरी विसाव्या महिन्यात घ्यावी. चोविसाव्या महिन्यात घेतली तर निकाल हातात येईपर्यंत मुदत उलटलेली असते.